आगंतुक धैवत

अंबडच्या कारखान्यातून सुटल्यावर सरळ घरी यावं, वाटेत जमलं तर चिवडा आणावा, एवढीच घरच्यांची माझ्याकडून अपेक्षा. ते सोडून मी सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेज रोडला जॅझ गिटार शिकायला जाऊ लागलो. शिकवणारा मुलगा तेवीसचा. तो मला 'काका' म्हणतो, आणि कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार स्वर) चुकली की 'असू दे काका' म्हणतो. दुसरं जास्त लागतं.

त्याने लवकरच बीबॉप (जॅझची एक भरधाव शैली) स्केल, म्हणजे स्वरांची शिडी, गळ्यात घातली. आपले शुद्ध सात स्वर, त्यात पंचम आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये कोमल धैवत घुसवायचा. झाले आठ. ही बातमी मी वरच्या मजल्यावरच्या पेटीवाल्या काकांना उत्साहाने सांगितली. आमच्या नाशकात गायक पलुस्करबुवांनी आश्रम काढला होता, या गोष्टीचा काकांना अजून वैयक्तिक अभिमान आहे. ते म्हणाले, "दोन्ही धैवत ओळीने? हा काय द्वारका चौक आहे, कुठूनही कोणी घुसायला?"

मी कहरवा पुढे केला. मात्रा आठ, स्वर सात. सरळ चढत गेलं तर पुढच्या समेवर सा यायच्या ऐवजी रे येऊन उभा राहतो. आठवा स्वर भरला की सा समेवर, आणि एक सोडून एक मात्रेवर ग, प, शुद्ध ध. कॉर्डचे स्वर नेमके वजनाच्या जागी! सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वगैरे मंडळी १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये असे जादाचे स्वर सरकवत भरधाव वाजवत. 'बीबॉप स्केल' हे नाव रूढ केलं ते पुढे इंडियाना विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांनी.

"मात्रा भरायला स्वर कशाला? आम्ही तिथे श्वास घेतो," काका म्हणाले.

इथवर ठीक होतं. पण डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) यांनी याच आठ स्वरांतून कॉर्ड काढायला जगाला शिकवलं, आणि त्या जगात मी निघालो. सा ग प ध ही सिक्स्थ कॉर्ड. उरलेले रे, म, कोमल ध, नी ही डिमिनिश्ड. पहिली म्हणजे घर, दुसरी म्हणजे उंबऱ्याबाहेर. स्केल चढताना प्रत्येक स्वराखाली आळीपाळीने घर, बाहेर, घर, बाहेर. डिमिनिश्डखाली पंचम धरला की तिचीच डॉमिनंट, म्हणजे सा-कडे खेचणारी कॉर्ड, होते, म्हणून तिला घरी यायची इतकी ओढ.

पियानोवर हे चार बोटांचं काम. गिटारवर इतके जवळचे स्वर एका हातात मावत नाहीत. म्हणून वरून दुसरा स्वर उचलून एक सप्तक खाली टाकायचा, त्याला 'ड्रॉप टू' म्हणतात. सी (पांढरी एक) हा सा धरला तर सिक्स्थ पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट): खालच्या चारही तारांवर एकच बोट आडवं. मी खूश! डिमिनिश्डही गुणाची: त्याच चार तारांवर फ्रेट ६-७-६-७, मग तोच आकार तीन-तीन फ्रेट पुढे सरकवत न्या, तक्रार नाही. सिक्स्थ मात्र दर मुक्कामाला नवं रूप घेते. ५-५-५-५, मग ७-९-८-८, मग १०-१२-१०-१२. इथे करंगळी लागते. करंगळीवर गोवर्धन उचलल्याचं ऐकलं होतं. माझी करंगळी गंगापूर रोडचं गोवर्धन गाव आलं तरी खिशातून बाहेर पडत नाही.

चार महिने रोज रात्री घर-बाहेर चालू होतं. बोटांना घट्टे पडले. आई आतल्या खोलीतून विचारायची, "सूर लागले का रे?" डिमिनिश्ड वाजली की आमच्या हिचं ठरलेलं, "आता मालिकेत कोण जिन्यावरून पडलं?" मी एकदा समजावायला गेलो की ही कॉर्ड म्हणजे अपेक्षा आहे, पुढे समाधान येतं. "कधी?" तिने विचारलं. त्या दिवशी मी बाराव्या फ्रेटशी अडकलो होतो, त्यामुळे उत्तर नव्हतं.

कोजागिरीला गच्चीवर काकांचं भजन ठरलं, कहरव्यात, आणि साथीला मी. काकांनी स्वतःहून विचारलं होतं, हे नमूद करतो. दूध आटत होतं, चांदणं पडलं होतं. काकांनी भाता हलवला आणि काळी एक दाबली.

मी चार महिने पांढरी एकमध्ये तयारी केली होती.

सूर चढवायचा चिमटा, म्हणजे कॅपो, तीन मजले खाली, घरात. म्हणजे सगळं एक फ्रेट पुढे. सहाव्यावर घर, बरोबर. बाहेर, बरोबर. पुन्हा घर, थोडं खरखरलं पण पोचलो. काकांनी मानही हलवली. पुन्हा बाहेर, १०-११-१०-११. आता पुढची कॉर्ड अकरा-तेरा-अकरा-तेरा. बारावा जमत नव्हता, त्यात दुष्काळात तेरावा फ्रेट. शिवाय माझ्या साध्या गिटारचं पोट चौदाव्यापाशीच सुरू होतं, तिथे तळहात अडतो.

काकांनी ओळ संपवली आणि समेवर माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याबाहेर उभा. तीच डिमिनिश्ड पुन्हा वाजवली. काकांनी ओळ परत घेतली. मी परत वाजवली. पळी घेतलेल्या काकू थबकल्या, पोरांनीही दंगा थांबवला. सगळी गच्ची कोणीतरी जिन्यावरून पडायची वाट बघू लागली.

"अहो, आधी दूध घ्या, साय धरतेय," ही म्हणाली.

मी उजव्या हाताने पेला घेतला. डावा तिथेच ठेवला, दहा-अकरा-दहा-अकरावर. काढला असता तर परत सापडला नसता.