नेक्स्ट बटण लॉक करा, बाकी आपोआप होतं

ऑफिससाठी ऑनलाइन ट्रेनिंग बनवायचंय? मग आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे माणूस. हे शिकून ज्याला उद्या काम करायचंय तो आपलं गिऱ्हाईक नाहीच मुळी, आपलं गिऱ्हाईक म्हणजे एलएमएसचा (कुणी कोणता कोर्स पूर्ण केला याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रिपोर्ट, त्यात प्रत्येक नावापुढे हिरवं 'कम्प्लिटेड' दिसलं की गंगेत घोडं न्हालं.

त्यामुळे लोकांच्या शेजारी जाऊन बसणं, ते नेमके कुठे अडकतात ते बघणं, असले नसते उद्योग करू नका. साहेबांनी पाठवलेली ८४ पानांची पीडीएफ घ्या, ८४ स्लाइड पाडा, झालं. आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच शब्दन् शब्द आवाजात वाचून घ्या. रिचर्ड मायर नावाचे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं प्रयोग करून सांगतायत की चित्रासोबत बोलणं चालू असताना तेच वाक्य पडद्यावरही आणलं की डोक्यावर उगाच भार पडतो. सांगू देत, त्यांना कुठे शुक्रवारपर्यंत कोर्स लाइव्ह करायचाय!

आता खरा हुकमी एक्का, नेक्स्ट बटण. आवाज संपेपर्यंत ते राखाडीच राहिलं पाहिजे. मग समोरचा काय करतो, टॅब म्यूट करतो, दुसऱ्या टॅबमधे मेल लिहितो, अधूनमधून डोकावून बटण निळं झालं का बघतो, क्लिक, परत मेल. मी स्वतः आग लागल्यावर काय करायचं हा कोर्स असाच पूर्ण केलाय. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. फक्त जिना कुठल्या बाजूला ते विचारू नका.

क्विझ मात्र हवीच, आणि तीही शेवटच्या स्लाइडला चिकटून. संशयास्पद मेल आली तर काय कराल? अ) लगेच क्लिक, ब) पासवर्ड पाठवून देऊ, क) लिंकवर क्लिक न करता, मेल डिलीट न करता, ठरलेल्या पद्धतीने आयटी विभागाला कळवू, ड) सगळ्यांना फॉरवर्ड. सगळ्यात लांब पर्याय बरोबर, हा नियम मोडू नका, लोक त्याच भरवशावर असतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे परीक्षा कधी घ्यायची ते कळलं ना? पाच मिनिटांत! आठवडा जाऊ दिलात तर पितळ उघडं पडेल.

वरच्यांना प्रेझेंटेशन देताना तो त्रिकोण टाकायला विसरू नका, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के वगैरे. शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलने १९४६ मधे या त्रिकोणाचा मूळ शंकू काढला तेव्हा त्यात एकही टक्का नव्हता, आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. पण गोल आकडे बघून मान डोलावणाऱ्यांना एवढं कुठे माहीत असतं. आणि गंमत म्हणजे 'करून शिका' असं लिहिलेला हा त्रिकोण ८४ स्लाइडच्या कोर्सची मंजुरी घ्यायला वापरतात.

कोर्स कसा वाटला? पाच स्टार. विषय संपला. कामात काही फरक पडला का, असं कुणी विचारलंच तर 'पुढच्या फेजमधे' म्हणा.

मग सोमवारी नवीन मुलगी रिफंडच्या स्क्रीनसमोर बसते, फोनवर ग्राहक तापलेला, तिला पुसटसं आठवतं की सहाव्या मोड्यूलमधे काहीतरी होतं. ती कोर्स उघडते, तो पहिल्या स्लाइडपासून सुरू होतो, नेक्स्ट राखाडी. शेवटी ती शेजारच्या दादाला विचारते, तो मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी काढून देतो, चार ओळी, कुठे क्लिक करायचं, काय निवडायचं, कोणता कोड टाकायचा नाही. दीड मिनिटात रिफंड होतो.

ती चिठ्ठी ताबडतोब काढायला लावा. एलएमएसवर तिची नोंदच नाही. शिवाय टेबल स्वच्छ ठेवण्याचा आपला ४० मिनिटांचा कोर्स आहेच, द्या दोघांनाही असाइन करून.