मालक नेमला, पण राखणदार?

तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुरणं, मासे, भूजल यांची नासाडी होते ती मालक नसतो म्हणून. प्रत्येक गोष्टीला मालक नेमा, प्रश्न मिटला. मी ‘नियम’, ‘व्यवस्थापन’ असे शब्द वापरून सरकारला मागच्या दाराने आत घेतोय. आणि खाजगी दीपगृहं होती, म्हणजे सार्वजनिक वस्तूंचा (ज्यांचा फायदा पैसे न देणाऱ्यालाही मिळतो, म्हणून बाजारात त्या कुणी पुरवत नाही, अशा वस्तूंचा) सिद्धांतही पोकळच.

दीपगृहाचं आधी उरकतो. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांचा दीपगृहांवरचा १९७४ चा लेख तुमच्या डोळ्यांपुढे असावा. इंग्लंडमध्ये खाजगी दीपगृहं होती, हे खरंच. पण उजेड पाहून पुढे निघून गेलेल्या जहाजाला अडवून पैसे मागायचे कसे? म्हणून राजाची सनद घ्यायची आणि जहाज बंदराला लागलं की तिथे कर वसूल करायचा. ती वसुली बहुतेकदा जकात अधिकारीच करत. दिवा खाजगी, वसुली सरकारी हुकमाने!

आता मालकी. कॉलिन क्लार्क या गणितज्ञाने १९७३ मध्ये देवमाशांबद्दल एक अस्वस्थ करणारा हिशेब मांडला. देवमाशांची संख्या फार सावकाश वाढते. ती वाढ पैशावर मिळणाऱ्या परताव्यापेक्षा कमी असेल आणि शेवटचे मासे पकडणंही परवडत असेल, तर समुद्राला एकच मालक असला तरी त्याच्या फायद्याचं काय? सगळे मासे मारून पैसा दुसरीकडे गुंतवणं. इथे स्पर्धा नाही, फुकटे नाहीत, मालक पूर्ण शहाणा आहे, आणि तरीही देवमासे संपतात.

सरकारचीही बाजू मी घेत नाहीये. कॅनडाने १९७७ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंत मासेमारीची हद्द वाढवली. काही भाग बाहेर राहिला, पण न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांना बव्हंशी मालक मिळाला. मग साठ्याचे अंदाज फुगलेले निघाले, मासेमारीची मर्यादा कमी करायला राजकारणी कचरले आणि १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा.

आता तुम्ही एका वाक्यात उडवून लावलेलं टोर्बेल. स्वित्झर्लंडमधल्या या गावाबद्दल, सामाईक साधनं लोक कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात लिहिलंय. ‘त्या लोकांना मालकी कळत नव्हती’ हे तुमचं वाक्य मात्र साफ चूक. त्यांची शेतं, द्राक्षमळे, गवताची राखीव रानं खाजगीच होती. डोंगरावरचं कुरण त्यांनी जाणूनबुजून सामाईक ठेवलं, कारण गवत विरळ, भरवशाचं नाही, आणि तुकडे पाडून कुंपण घालण्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त. १५१७ पासून नियम असा: हिवाळाभर जेवढ्या गायी पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात वर न्यायच्या. गायी वर गेल्या की लगेच मोजणी, कारण वर्षाअखेरीला चीजची वाटणी त्याच आकड्यावर. जास्तीच्या गायी नेणाऱ्याला दंड, आणि दंड करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला त्यातला अर्धा हिस्सा.

हा अर्धा हिस्सा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राखण केली तर फायदा सगळ्यांचा, वाईटपणा आणि वेळ मात्र राखणाऱ्याचा. म्हणजे राखण हीच एक सार्वजनिक वस्तू झाली, आणि ती ‘दुसरा कुणीतरी करेल’ म्हणून प्रत्येकजण टाळणार. गावाने त्यावर तोड काढली ती राखणदाराच्या खिशाचा विचार करून. सामाईक कुरण प्रत्येकाच्या हावेपायी उजाड होतं, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ च्या लेखात मांडलं; त्या कुरणावर हा राखणदारच नाही. तिथे ‘आओ जाओ घर तुम्हारा’ असा कारभार आहे. त्याला सामाईक मालकी म्हणणं बरोबर नाही. हार्डिन यांनीही पुढे कबूल केलं की त्यांना म्हणायचं होतं ते बेबंद कुरणाबद्दल.

तुमच्या मालकालाही हा माणूस लागणारच: सातबारा लिहिणारा, हद्द मोजणारा, घुसखोराला कोर्टात खेचल्यावर निकाल देणारा. न्यूझीलंडने १९८६ मध्ये मासेमारीचे खरेदी-विक्री करता येतील असे कोटे दिले. पुष्कळ ठिकाणी ते उपयोगी पडले, हे मला मान्य आहे. पण एकूण किती मासे पकडायचे हे ठरवणारा आणि पकडलेले मोजणारा तिथेही आहेच. तेव्हा पुन्हा लिहाल तर एवढं सांगा, की तुमच्या योजनेत त्याचा पगार कोण देणार, आणि मालकानेच त्याला खिशात घातलं तर तक्रार कुणाकडे करायची?