नंदूची गाडी आणि शिरीषचं वकीलपत्र

नंदूची इलेक्ट्रिक गाडी टो-ट्रकवर चढवलेला फोटो ग्रुपवर कोणी टाकला ते अजून उघड झालेलं नाही. संशय भाऊंवर आहे, कारण खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं.

“चार्जिंग संपलं ना?” नंदू कट्ट्यावर टेकायच्या आधीच भाऊंनी विचारलं. डिझेलवाल्या माणसाला या विषयात एवढा एकच प्रश्न येतो.

“निम्म्याहून जास्त होतं,” नंदू वैतागला. “बारा व्होल्टची छोटी बॅटरी गेली. तुमच्या गाडीत असते ना, तीच. ती मेली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, जुळतच नाहीत. मागे एवढी वीज भरलेली, आणि स्क्रीन काळी ठिक्कर. दारसुद्धा उघडेना.”

“एक मिनिट.” शिरीष पुढे सरकला. तो पुढे सरकला की कट्टा मागे सरकतो. “जर्मनीच्या एडीएसी या मोटार क्लबची 2024 सालची आकडेवारी सांगतो. दोन ते चार वर्षं वयाच्या गाड्या. हजारामागे इलेक्ट्रिक 4.2 बंद पडल्या, पेट्रोल-डिझेल 10.4!”

भाऊंनी चष्मा चढवून मोबाईल काढला. “आणि हे काय? कन्झ्युमर रिपोर्ट्स, अमेरिकेतली ग्राहकांची संस्था, 2023. इलेक्ट्रिकमध्ये पेट्रोलपेक्षा 79 टक्के जास्त तक्रारी!”

“पुढच्याच वर्षी तो आकडा 42 वर आला, ते नाही फॉरवर्ड केलंत?” मृणालने हळूच विचारलं. भाऊंनी मोबाईल खिशात ठेवला. “आणि शिरीष, तुझी एडीएसी मोजते रस्त्यात अडकलेल्या गाड्या. ते अमेरिकावाले मालकाला विचारतात, मग त्यात चार्जिंग, स्क्रीन, दाराची मूठ, सगळं आलं. दोन्ही खरं असू शकतं. नंदूने कस्टमर केअरला किती फोन केले, हे मात्र दोन्हीकडे नाही.”

मग नंदू सुटला. पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बारा व्होल्टची नवी टाकून गाडी परत दिली. आठवडाभरात पुन्हा तेच. म्हणजे दोष तिला चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये असणार, हे नंदूलासुद्धा कळलं. पण सर्व्हिस सेंटरमध्ये मोठ्या बॅटरीच्या, हाय व्होल्टेजवाल्या नारिंगी केबलला हात लावायची परवानगी एकाच माणसाला, आणि तो ट्रेनिंगला गेलेला. बाकीच्यांनी लॅपटॉप लावून गाडीतल्या नोंदी वर कंपनीला पाठवल्या. वरून अप्रूव्हल आलं की पार्टची ऑर्डर जाणार. गाडी कोपऱ्यात धूळ खातेय, आणि काल मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करण्यात आले आहे.’

“तक्रारीचं तिकीट बंद केलं त्यांनी,” मृणाल म्हणाली. तिने कॉल सेंटरमध्ये नोकरी केलीय, ही गोष्ट आम्ही सोयीस्कर विसरतो. “फोन घेणाऱ्या मुलीला गाडी दिसत नाही, तिकीट दिसतं. ते वेळेत बंद झालं नाही तर ओरडा तिला बसतो. तुझी गाडी नीट झाली नाही म्हणून तिथे कोणालाच ओरडा बसत नाही.”

“नवं तंत्रज्ञान आहे, वेळ द्यायला हवा,” इति शिरीष.

“देतो की. हप्त्याला मिळेल का वेळ?” नंदू.

“अरे, ओव्हर द एअर, म्हणजे इंटरनेटवरून, सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की...” शिरीष.

“अपडेटने जळलेला कन्व्हर्टर बरा होतो?” मृणाल. “पूर्वीचा मेकॅनिक आधी बॉनेट उघडायचा, मग शिव्या द्यायचा. निदान उघडायचा तरी. आता तो निरोप्या झालाय.”

शिरीषने जनरल मोटर्सचा दाखला काढला: आगीच्या भीतीने 2021 मध्ये ‘बोल्ट’ नावाच्या सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या परत बोलावल्या, अनेकांच्या बॅटऱ्या बदलून दिल्या. हे खरंच आहे. पण मग मृणालने फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी काढली. ती 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गाडीवाल्यांना स्वतःची संघटना काढून सुट्या भागांसाठी, सॉफ्टवेअरसाठी धावपळ करावी लागली. शिरीष म्हणाला, “तो अपवाद आहे.” शिरीषच्या विरोधात जाणारी प्रत्येक गोष्ट शाळेपासून अपवादच असते.

तेवढ्यात नंदूचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच... नंदूचं बोट एकाकडे जाईपर्यंत शिरीषने पाच दाबलं.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही. भाऊ तर उभे राहिले. “याने माझ्या गाडीला धक्का मारायच्या वेळी पण हेच केलं होतं! आम्ही सगळे चिखलात, आणि हा आत बसून क्लच समजावतोय!”

“कोणीतरी स्टिअरिंग धरायला नको?”

“ते ठीक आहे,” मृणाल म्हणाली, “पण तू स्वतः कधी घेतोयस इलेक्ट्रिक?”

शिरीषने घसा खाकरला. “मी पुढच्या मॉडेलची वाट बघतोय. सध्याच्यात जरा प्रॉब्लेम आहेत म्हणतात.”

नंदूसुद्धा हसला. भाऊंना ठसका लागला, आणि शिरीष त्यांची पाठ थोपटत म्हणत होता, “पूर्ण ऐकून तर घ्या!”