खुलासा: घरच्या माणसाने केलेले भाषांतर कॅनडा पीआरला (कायम वास्तव्याच्या अर्जाला) चालत नाही

'जन्मदाखला मराठीत असेल तर घरातल्या इंग्रजी येणाऱ्याने भाषांतर करून नोटरी करून घ्यावे, तेवढे पुरते,' असा मेसेज फिरतो आहे. हे चूक आहे.

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे: अर्जदाराने किंवा नातेवाइकाने केलेले भाषांतर चालत नाही. यात आई-वडील, भावंडे, नवरा-बायको, आजी-आजोबा, मुले, काका-मामा, मावशी-आत्या, भाचे-पुतणे आणि चुलत, आते, मामे, मावसभावंडेही येतात. नातेवाईक स्वतः वकील, नोटरी किंवा भाषांतरकार असला तरी नाहीच.

सोबत तीन गोष्टी लागतात: मूळ दाखल्याचे स्कॅन, पूर्ण भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्र भाषांतरकाराने स्वतः नोटरीसमोर करायचे, अर्जदाराने नव्हे. नोटरीचा शिक्का फक्त सहीची साक्ष देतो, भाषांतराची नाही. बहुतेकांची गफलत इथेच होते. कॅनडातल्या प्रमाणित भाषांतरकाराकडून काम घेतले तर प्रतिज्ञापत्र लागत नाही.

दाखल्यावरचे शिक्केही सोडू नका. कोपऱ्यातला अर्धवट उमटलेला 'ग्रामसेवक, ग्रामपंचायत' हा गोल शिक्का, देवनागरी आकड्यांतला नोंदणी क्रमांक, समासातला शेरा, सगळे इंग्रजीत यायला हवे. दाखला मराठी-इंग्रजी असला तरी शिक्का निव्वळ मराठीत असू शकतो, तो नीट पाहा.

एक्सप्रेस एन्ट्रीत (कुशल कामगारांसाठीच्या ऑनलाइन पीआर पद्धतीत) अर्ज करण्याचे निमंत्रण आल्यानंतर अर्जाला 60 दिवसच मिळतात, आणि अपुरा अर्ज परत येऊ शकतो. म्हणून तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.