प्रश्नाच्या शेपटीचा ‘ना’

सर्वेक्षणाचे आकडे चुकले की खापर नमुन्यावर, म्हणजे निवडलेल्या घरांवर फुटतं. माझं मत वेगळं आहे. आकडा बहुतेकदा दारातच बिघडतो, आणि बिघडवतो तो मदत करायला निघालेला सर्वेक्षक.

फॉर्मवर छापलेलं असतं, ‘काल नळाला किती वेळ पाणी होतं?’ ठाण्यातल्या किसननगरच्या चाळीत पोहोचेपर्यंत त्याचं होतं, ‘पाणी नीट येत नाही ना, काकू?’ काकू म्हणतात, ‘कुठलं येतंय!’ तक्रार नोंदली जाते, तास-मिनिटं राहूनच जातात. त्या एका ‘ना’ने उत्तर काकूंच्या तोंडात घातलेलं असतं. प्रश्न छापलाय तसाच, शब्द न बदलता वाचायचा असतो तो यासाठी.

दुसरी चूक शांतता भरून काढायच्या घाईची. ‘गेल्या ७ दिवसांत भाजीवर किती खर्च झाला?’ काकू आठवायला थांबतात, सर्वेक्षकाला तीन सेकंद जड जातात. ‘पाचशे धरू?’ ‘धरा.’ मग गल्लीभर पाचशेच! एकाच माणसाने भरलेली वीस घरं अशी एकमेकांसारखी दिसू लागली की ती वीस घरांची माहिती उरत नाही. इथे मनात पाच आकडे मोजा. तरी जमलं नाही तर आठवण द्या, आकडा नको: मंडईत कितीदा गेलात? दारावरच्या गाडीवरून काय घेतलं? येताना स्टेशनबाहेरून कोणी भाजी आणतं का?

किती दिवसांचं विचारलं, त्या मुदतीनेही उत्तर बदलतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२०००च्या फेरीत खाण्यापिण्याचा खर्च ७ आणि ३० दिवसांचा शेजारीशेजारी विचारला. एक उत्तर दुसऱ्याशी जुळवलं गेल्याची शंका आली आणि गरिबीच्या आकड्यांवर वर्षानुवर्षं वाद झाला. आता भाजी-फळांना ७ दिवस आणि कपड्यांना ३६५ दिवस असतात. २०२२-२३मध्ये तर एकाच घरी तीनदा जाऊन विचारलं.

वय विचारलं की ४०, ४५, ५० अशीच उत्तरं येतात. तिथे खूण द्या: २६ जुलै २००५च्या मुंबईच्या पुरात मुलगा कडेवर होता की शाळेत?

नवऱ्याच्या दारूबद्दल सासूबाईंसमोर सुनेला विचारूच नका. टॅब तिच्या हातात द्या, उत्तर तिचं तिला भरू द्या. नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीत सकाळी अकराला नोकरदार भेटत नाहीत, संध्याकाळी सातनंतर जा.

आणि सर्वेक्षकाला फॉर्ममागे पैसे देणं बंद करा. रोजावर पैसे द्या, तरच कोणी ते पाच आकडे मोजेल.