‘फुकटचा ऑटोपायलट घेऊ नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘आर्डुपायलट, पीएक्स४ ही हौशी पोरांची खेळणी. कोड उघडा, म्हणजे कोणीही ड्रोन पळवणार. आणि पडला तर जबाबदार कोणीच नाही. फवारणीला बंद प्रणालीचाच ड्रोन घ्या.’ अशा अर्थाचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. ते वाचून कोणी लाखांची खरेदी ठरवणार असेल, तर गप्प बसणं बरोबर नाही. ऑटोपायलट म्हणजे ड्रोनला तोल सांभाळून ठरल्या मार्गाने उडवणारं सॉफ्टवेअर. आर्डुपायलट आणि पीएक्स४ ही अशीच मोफत सॉफ्टवेअर आहेत, त्यांचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो. बंद प्रणालीत तो फक्त कंपनीकडे असतो.

आधी खेळण्याचं बघू. आर्डुपायलटची सुरुवात हौशी मंडळींनीच केली, हे खरं. पीएक्स४ची मुळं मात्र झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आहेत. २०१४ साली ऑस्ट्रेलियात किंगरॉयला आउटबॅक चॅलेंज झालं. रानात हरवलेल्या माणसाच्या जागी एक पुतळा ठेवलेला. मानवरहित विमानाने तो शोधायचा आणि त्याच्याजवळ पाण्याची बाटली टाकायची. ही स्पर्धा कॅनबेरायूएव्ही या संघाने आर्डुपायलटवर जिंकली.

पळवापळवीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते कोड उघडा असण्यात नाही. ड्रोन आणि जमिनीवरचा लॅपटॉप मॅव्हलिंक नावाच्या ठरावीक संदेश-पद्धतीने बोलतात. आज्ञा खरोखर आपल्याच लॅपटॉपकडून आली का, हे तपासणारी ‘सायनिंग’ची सोय मॅव्हलिंक २ मध्ये आहे, पण ती आपण चालू करावी लागते. अनेक जण करत नाहीत. ती करा. बंद प्रणाली यातून सुटली आहे का? २०२३ मध्ये जर्मनीतल्या रूर विद्यापीठ (बोखुम) आणि सिस्पा या संस्थांच्या संशोधकांनी डीजेआय या चिनी कंपनीच्या बंद प्रणालीच्या ड्रोनमध्ये १६ त्रुटी शोधल्या. ड्रोन उडवणारा कुठे उभा आहे, ही माहितीही कूटबद्ध न करता हवेत सोडली जात होती. कोड झाकलेला असूनही हे सापडलंच.

‘भारतात हे चालतच नाही’ असंही कोणी पुढे जोडतं. ड्रोन नियम २०२१ मधले वर्ग वजनावर ठरतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मॉडेल तपासून दिलेलं मंजुरीचं प्रमाणपत्र, जिथे लागतं तिथे ते ड्रोनच्या मॉडेलला मिळतं. सॉफ्टवेअरचा परवाना मुक्त की मालकीचा, यावर हे वर्ग ठरत नाहीत.

राहिली जबाबदारी. आत सॉफ्टवेअर कुठलंही असो, वॉरंटी ड्रोन विकणाऱ्यानेच द्यायची असते. खरा प्रश्न ड्रोन पडल्यावर येतो. आर्डुपायलट प्रत्येक उड्डाणाची बारीक नोंद मेमरी कार्डावर ठेवतो: मोटरना काय आज्ञा गेली, बॅटरीचं व्होल्टेज किती होतं, जीपीएसला किती उपग्रह दिसत होते, फ्रेम किती थरथरत होती. ही थरथर साधारण ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आत असली तर चालते. ६० च्या वर गेली की उंची धरून ठेवणं बहुधा बिघडतं. जाड विजेची तार होकायंत्राला खेटून गेली असेल, तर थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, वाढवताच चुंबकीय आकडे सरकतात आणि आलेखात ते स्पष्ट दिसतं. पंखा वाकडा होता, बॅटरी म्हातारी झाली होती की चूक खरंच कोडमध्ये होती, हे या फाइलवरून बाहेरचा जाणकारही शोधू शकतो. चूक कोडची निघाली तर ती सगळ्यांसमोर नोंदवता येते. दुरुस्ती आधी संगणकातल्या आभासी ड्रोनवर तपासली जाते, मग सगळ्यांना मिळते.

फाइल कंपनीच्या कुलपात असेल, तर ‘पायलटची चूक’ या उत्तरावर शेतकऱ्याला काही बोलता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा: उड्डाणाची फाइल मला मिळेल का, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ती वाचता येईल का?