‘दोन मिनिटांचं काम, आठवडा लावला’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

दोन तारे दिलेत, हरकत नाही. पण मजकूर वाचून इतरांचा गैरसमज होईल, म्हणून इथेच लिहितो. तुमची तक्रार अशी: दोन कंपन्या एक झाल्या, दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या सर्टिफिकेटवर (लॅपटॉप-फोनमधल्या डिजिटल ओळखपत्रावर) एकच वायफाय हवं होतं. दोन्ही सीएंची (ही ओळखपत्रं देणाऱ्या यंत्रणांची) रूट, म्हणजे मूळ, सर्टिफिकेटं सर्व्हरवरच्या एका फाइलीत चिकटवली की झालं. त्याला आम्ही आठवडा लावला, सोमवारी सकाळी दुसऱ्या कंपनीचं कुणीच आत जाईना, आणि वर जादा बिल.

चिकटवायला दोन मिनिटंही लागत नाहीत, खरं आहे. पण फ्रीरेडियसच्या (वायफायवर कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिग फाइलीतच लिहून ठेवलंय की साधारणपणे या जागी एकच सीए असावा. कारण तिथे ज्याचं रूट ठेवाल, त्याने दिलेलं प्रत्येक क्लायंट सर्टिफिकेट दारातून आत येतं. तुमच्या दुसऱ्या सीएने कर्मचाऱ्यांबरोबरच प्रिंटरना आणि बाहेरच्या कंत्राटदारांनाही सर्टिफिकेटं दिलेली होती. ती सगळी तुमच्या ऑफिस नेटवर्कात हवी होती का?

दुसरी भानगड नावांची. तुमची जुनी मांडणी सर्टिफिकेटमधलं फक्त कॉमन नेम, म्हणजे धारकाचं नाव, बघून व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) ठरवायची. सीए एकच असेल तर चालून जातं, कारण एक नाव दोघांना जाणार नाही, ही काळजी एकाच ठिकाणी घेता येते. दोन सीए एकमेकांना विचारून नावं देत नाहीत. समजा इकडे अकाउंट्समध्ये ‘एस पाटील’ आहेत आणि तिकडे गोदामात ‘एस पाटील’ आहेत (आणि पाटील काही दुर्मीळ आडनाव नव्हे), तर गोदामातला लॅपटॉप थेट अकाउंट्सच्या व्हीलॅनमध्ये जाऊन बसतो. लॉगमध्ये सगळं हिरवं, कुणाला पत्ताही नाही. म्हणून आम्ही नियम बदलले: आधी सर्टिफिकेट कुणी दिलं ते बघायचं, मग नाव, आणि दोन्ही मिळून व्हीलॅन. आठवड्यातला बराचसा वेळ तुमच्या दोन याद्या समोरासमोर ठेवून तपासण्यात गेला.

आता सोमवार. लॅपटॉपवर नुसतं ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ एवढंच दिसतं, चिडचिड होणारच. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र कारण स्पष्ट होतं: दुसऱ्या सीएच्या सीआरएलची, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांच्या यादीची, मुदत रविवारी रात्री संपली होती. यादी शिळी झाली की सर्व्हर त्या सीएचं कुणालाच आत घेत नाही, आणि घेऊही नये. ती यादी काढणारं मशीन तुमच्याकडच्या आवराआवरीत बंद झालं होतं. ते आमच्या ताब्यात नव्हतं, आणि ‘हे मशीन चालू राहिलं पाहिजे’ ही ओळ कोटेशनमध्ये आहे. यादी न तपासण्याची सोय आहे, तुमच्याकडून मागणीही आली होती. आम्ही नाही म्हणालो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा लॅपटॉप पार्किंगमधून जोडला गेला असता.

जादा बिल फोनचं आहे, सीएचं नाही. दुसऱ्या कंपनीचे फोन तुमच्या रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट ओळखत नव्हते, आणि हल्ली बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ‘पडताळणी नको’ असा पर्यायच मिळत नाही. प्रत्येक फोनवर तुमचं रूट सर्टिफिकेट टाकावं लागलं. हे काम मूळ ऑर्डरमध्ये नव्हतं, मंजुरीची मेल तुमच्याकडेच आहे.

जुनी सर्टिफिकेटं संपतील तशी नवी एकाच सीएकडून द्या, मग दुसरं रूट काढून टाकू. त्याचे पैसे नाहीत. तोवर सीआरएल संपायच्या दोन दिवस आधी इशाऱ्याची मेल जाते. ती सध्या ज्या पत्त्यावर जाते ते गृहस्थ कंपनी सोडून गेलेत. तेवढा नवा पत्ता कळवा.